दुसऱ्या बेसला वळसा

कुणाला 'मंद' म्हटलेलं अनुपमाला खपत नसे. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या ज्या शाळेत ती पी.टी. शिकवायची, तिथे एखाद्या वर्गशिक्षिकेने स्टाफरूममध्ये चुकून जरी म्हटलं, "तो मुलगा ना, जरा मंदच आहे," तरी बाईंचा पारा चढायचा. "मंद म्हणजे काय? कशात मंद? बघितलंत का त्याला नीट?" अशी सरबत्ती सुरू व्हायची आणि समोरचीचा चहा गार होऊन जायचा. बाकीच्या बायका म्हणायच्या, सांगलीच्या बाईच्या नादी लागू नये.

या रागाला कारण होतं आणि ते फार जुनं होतं. सांगलीत शाळेत असताना अनुपमा खो-खो खेळायची. पळण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पुढे कॉलेजात सॉफ्टबॉलचा संघ निघाला आणि सरांनी तिला शॉर्टस्टॉपला उभं केलं. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे पळणाऱ्याने गाठायच्या गाद्यांच्या, मधला खेळाडू. जमिनीवरून सरपटत येणारे निम्मे चेंडू त्याच्याकडेच येतात. ते उचलून, मारणारा पहिल्या बेसला पोचायच्या आत तिथे फेकायचे, हे त्याचं काम. तिने ते इतकं चोख केलं की राज्याच्या शिबिरापर्यंत मजल मारली. तिथे शेवटच्या दिवशी निवड समितीतल्या एका गृहस्थांनी तिचं नाव काढून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलगी मंद आहे." झालं, तेवढंच. शर्यतीत मुलांनाही मागे टाकणारी मुलगी, आणि मंद! अनुपमा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी ग्लोव्ह मावसबहिणीला देऊन टाकला आणि पुन्हा मैदानात खेळायला म्हणून उतरली नाही. शिकवायला उतरली, ते वेगळं.

नंतर सगळं यथास्थित झालं. डोंबिवलीच्या सदानंदशी लग्न झालं, त्याच्या नोकरीमागोमाग दुबई आली, तिथल्या बर दुबई भागात घर झालं, शुभ्रा झाली. सदानंद एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. माणूस सोन्यासारखा, फक्त खेळाच्या बाबतीत अगदीच पाटी कोरी. तक्रार करावी असं अनुपमाच्या आयुष्यात काही नव्हतं. तरी तो एक शब्द मात्र कुसळासारखा रुतून राहिला होता. दिसायचा नाही, पण हात लागला की टोचायचा.

दोन वर्षांपूर्वी इथे खलीज बेसबॉल लीग नावाची एक व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तिच्या ऑफिसात फिरदोस नावाची हैदराबादची बाई होती. तिचा मुलगा अनुपमाच्या शाळेत. ती एक दिवस सरळ स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, अपने देश के बच्चे ट्रायल को आते, कोच को उनकी बात समझती नै, उनको कोच की समझती नै. आप सॉफ्टबॉल खेले हुए हैं ना? आके देखो, नंबर दो, बस." अनुपमाने आधी आढेवेढे घेतले आणि मग, खरं सांगायचं तर, रात्रभरही वाट बघितली नाही.

नंबर द्यायची तिथली रीत सदानंदच्या डोक्यात कधीच शिरली नाही. खेळाडूच्या प्रत्येक गुणाला वीस ते ऐंशीच्या मधला आकडा द्यायचा. हात, पाय, झेल, फटका, सगळ्याला वेगळा.

"पण शून्यापासून शंभरपर्यंत का नाही?" तो विचारायचा.

"वीसच्या खाली कुणी नसतं आणि ऐंशीच्या वर देव असतो," अनुपमा म्हणायची. "पन्नास म्हणजे व्यवस्थित खेळणारा, पगार घेणारा माणूस."

"मग मी पन्नास."

"तुम्ही चेंडू फेकलात की सांगते."

त्या डिसेंबरात राखीव संघातली इनफिल्डरची, म्हणजे बेसांच्या आसपास उभं राहून चेंडू अडवणाऱ्याची, एकच जागा उरली होती. एका रविवारी सकाळी त्या जागेच्या ट्रायलला धनंजय आला. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात टायरच्या गोदामात काम करणारा, विशीतला, काटक पोरगा. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबजवळच्या एका गावचा. गोदामात त्याच्याबरोबर फिलिपिनो मुलं होती. ती सुट्टीच्या दिवशी मोकळ्या वाळूवर सॉफ्टबॉल खेळायची. एकदा त्यांना एक गडी कमी पडला म्हणून याला उभा केला, आणि तेव्हापासून त्यांनी त्याला सोडला नाही. आता त्याच मुलांनी वर्गणी काढून त्याला टॅक्सीत घातलं होतं.

ट्रायल घेणारा कोच रॉमेल हाही फिलिपिनोच. तोंडात च्युइंगगम, डोळ्यावर काळा चष्मा, बोलणं मोजकं. त्याने आधी मुलांना पळायला लावलं. धनंजय पळाला आणि अनुपमाने हातातला कागद मांडीवर ठेवला. असे पाय तिने फार दिवसांत पाहिले नव्हते. पहिल्याच पावलाला पूर्ण वेग, अंग खाली, डोकं स्थिर. तिने पायांपुढे सत्तर लिहिलं. सत्तर तिने आजवर कुणाला दिले नव्हते.

मग चेंडू सुरू झाले. उजवीकडे, डावीकडे, हा पोरगा वाऱ्यासारखा जायचा आणि उचलायचा. फेक बेताची होती, पण जायची. रॉमेलची मात्र एक खोड होती. चेंडू टाकणारा पिचर उभा राहतो तिथे तो एक जुनं टायर आडवं टाकायचा आणि मुद्दाम त्याच्यावर चेंडू मारायचा. टायरला लागला की चेंडू भलतीकडेच वळतो. सामन्यात असं पिचरच्या पायाला लागून होतंच, त्यामुळे इनफिल्डरने निघालेल्या पावली मागे वळायला हवं.

आणि तिथे सगळं फिसकटलं. चेंडू टायरला लागून उजवीकडे वळला. धनंजय डावीकडे निघाला होता, तो डावीकडेच गेला. परत तसंच. तिसऱ्यांदा तर कहर झाला. चेंडू त्याच्या पाठीमागून निघून चालला होता, त्याला तो दिसत होता, आणि हा पठ्ठ्या वळायच्या ऐवजी तसाच सरळ पळत दुसऱ्या बेसपर्यंत गेला, बेसला पूर्ण वळसा घालून परत आला आणि मग चेंडू उचलला! तोपर्यंत मारणाऱ्याचा पहिल्या बेसवर पोचून वरती आळसही देऊन झाला असता. मैदानभर हशा पिकला. अनुपमाही हसली.

"मॅम, गुड फीट," रॉमेल तिच्याजवळ येऊन म्हणाला. "बट हेड इज स्लो. व्हेरी स्लो. थर्टी. खलास."

स्लो! अनुपमाचं हसू तिथेच थांबलं. तिने दुसऱ्या बेसकडे पाहिलं. पांढरी चौकोनी गादी, तिच्याभोवती वाळूत उमटलेला पावलांचा गोल. आणि मग तिच्या लक्षात आलं की हा गोल तिने हजार वेळा पाहिलाय. फक्त त्याच्या मध्ये गादी नसायची, खांब असायचा.

ती तरातरा धनंजयकडे गेली. तो खाली मान घालून ग्लोव्हमधली वाळू झटकत होता.

"खो-खो खेळायचास का रे?"

त्याने चमकून वर पाहिलं. दुबईत कुणी हा प्रश्न विचारेल असं त्याला वाटलं नसावं. "हाव मॅडम. दुसरीपासून. जिल्ह्याला खेळलोय."

"मग चेंडू मागे गेला तर वळत का नाहीस?"

"मागं फिरायचं नसतंय ना मॅडम," तो अगदी सरळपणाने म्हणाला. "खो-खोत मारणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जायाचं. खांदा जरी वळला तरी फाऊल. आमचे गुरुजी पूर्ण संघाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे."

"अरे, पण इथे नाहीये तो नियम!"

"मला म्हाईत आहे. पायाला म्हाईत न्हाई."

अनुपमा रॉमेलकडे गेली आणि तिने त्याला सांगितलं की याचं डोकं मंद नाही, याच्या अंगात दुसऱ्या खेळाचा नियम मुरलाय. रॉमेलने च्युइंगगम या गालातून त्या गालात नेलं. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, पण सत्तरचे पाय त्यानेही पाहिले होते. "ओके मॅम. नेक्स्ट संडे. लास्ट टाइम."

जाताना तिने धनंजयला विचारलं, तुला हे इतकं का हवंय? तो लाजला. मग म्हणाला, "गावाकडं आमच्या संघाच्या बनियनवर खताच्या दुकानाचं नाव असायचं. इथं पाठीवर आपलं नाव टाकतात म्हणे. तसला एक शर्ट पायजे." एवढंच. अनुपमाला गलबलून आलं आणि त्या गलबलण्याचा राग आला म्हणून तिने त्याला उगाच दटावलं, "पाणी पीत जा जरा."

त्या आठवड्यात बाईंनी शाळेतून घरी येऊन स्वयंपाक उरकायचा आणि सदानंदने ऑफिसातून आल्या आल्या पुन्हा गाडी काढायची, असा क्रम सुरू झाला. संध्याकाळी दुबईहून शारजाला जाणं म्हणजे काय असतं, हे गेलेल्यालाच ठाऊक.

"एवढ्या वेळात मी डोंबिवलीहून नाशिकला पोचलो असतो," सदानंद स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचा.

"जा मग. मला शारजात सोडून जा."

मागच्या सीटवरून शुभ्रा कानातली इअरफोनची बोंडं न काढताच म्हणायची, "गाइज, कॅन यू फाइट आफ्टर द सिग्नल?"

टायरच्या गोदामामागे दोन शेडांच्या मध्ये वाळूचा मोकळा पट्टा होता. दिव्यांचा उजेड होता आणि टायरांची तर ददातच नव्हती. अनुपमाने पहिल्या दिवशी सगळे उपाय करून पाहिले. "वळ!" म्हणून ओरडून पाहिलं. पायाखाली रेघ मारून पाहिली. वळणं सावकाश, पायरीपायरीने करून घेतलं. सावकाश तो छान वळायचा. चेंडू सुटला, पहिलं पाऊल पडलं, की संपलं. गडी निघाला खांबाकडे. दुसऱ्या दिवशीही तेच. धनंजय स्वतःवर इतका चिडला की त्याने ग्लोव्ह टायरांच्या ढिगावर भिरकावला आणि मग जाऊन हळूच उचलून आणला.

तिसऱ्या दिवशी अनुपमाचा खांदा भरून आला. तिने चेंडू सदानंदच्या हातात दिला. "तुम्ही टाका. त्या टायरवर मारायचाय, एवढंच."

"एवढंच ना?" सदानंद म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

टायर म्हशीएवढं होतं. सदानंदचा चेंडू त्याच्या जवळपासही फिरकला नाही. तो थेट धनंजयच्या अंगावर गेला. धनंजय डावीकडे झेपावला होता, चेंडू त्याच्या मागच्या पायावर आदळणार होता. आणि त्याच क्षणी पोरगा पळत्या पावली, जागच्या जागी, विंचवाच्या नांगीसारखा उलटा वळला, चेंडू पोटाजवळून जाऊ दिला आणि सुटून उभा राहिला.

"थांबा!" अनुपमा किंचाळली.

"लागलं का? सॉरी, सॉरी रे!" सदानंद धावला.

"अहो, लागलं नाही, सापडलं!" ती धनंजयच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "खो-खोत नुसता मारायचास की पळायचासही?"

"पळायचो की. पाळी आली की सगळ्यांनाच पळावं लागतंय."

"पळताना मागे वळायचास?"

"पळताना काय, कसंबी फिरा. पळणाऱ्याला हुलकावणी द्यायचीच असती. त्याला कुठला आलाय फाऊल?"

"मग ऐक. इतके दिवस तू चेंडूला मारायला धावतोयस. म्हणून मारणाऱ्याचा नियम जागा होतो. इथे तू मारणारा नाहीस. तू पळणारा आहेस. चेंडू तुझ्यावर चालून येतोय. त्याला हुलकावणी द्यायची आणि देता देता धरायचा."

धनंजयच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं की सदानंदलाही कारण न कळता हसू आलं. "मॅडम, हे कुणी सांगितलंच न्हाई."

लगेच जादू झाली असं मात्र नाही. त्या संध्याकाळी तो पुष्कळदा चुकला. पण अधूनमधून वळायला लागला, शुक्रवारी निम्म्याहून जास्त वळला, आणि शनिवारी अनुपमाने त्याला खेळूच दिलं नाही, नुसतं बसवून घरून आणलेला मसालेभात खायला घातला. सदानंद घरी परतताना वाटेत तीनदा म्हणाला, "म्हणजे माझ्या फेकीमुळे झालं." त्याला तो मान द्यावाच लागला.

रविवारी मैदानावर रॉमेलने दुसरं काही बघितलंच नाही. सरळ टायर आणून टाकलं. अनुपमा कुंपणाजवळ उभी होती आणि हातातल्या कागदाची सुरळी करून पुन्हा उलगडत होती. शाळेत एवढ्या स्पर्धा झाल्या, पण असं कधी झालं नव्हतं.

पहिला चेंडू टायरला लागला, उजवीकडे उडाला. धनंजय डावीकडे गेला, दुसऱ्या बेसला वळसा घातला आणि परत आला.

कुणीतरी हसलं. रॉमेलने मान हलवली. अनुपमाने तोंडाजवळ हाताचा कर्णा करून अख्खं मैदान दणाणेल अशी हाक दिली, "धनंजय! तू पळतोयस! तो तुझ्यावर चालून येतोय!"

दुसरा चेंडू. टायर, उडी. आणि धनंजय वळला. वळला, पण हातातून चेंडू निसटला, धडपडून उचलून फेकला तो पहिल्या बेसवरच्या गड्याच्या डोक्यावरून गेला. तरी रॉमेलने चष्मा कपाळावर चढवला. तिसऱ्याला धनंजय पुन्हा वळला, या वेळी अंग खाली ठेवून, आणि चेंडू जसा काही त्याच्याकडेच यायला निघाला होता तसा अलगद उचलला. फेक सरळ पहिल्या बेसच्या ग्लोव्हमध्ये गेली. गोदामातली फिलिपिनो मुलं कुंपणावर चढून शिट्ट्या मारायला लागली.

"मॅम, हू टीच हिम?" रॉमेलने विचारलं.

"हाफ मी, हाफ माय हजबंड," अनुपमा म्हणाली. सदानंदने मागे नम्रपणे मान लववली.

मग तिने आकडे लिहिले आणि ते लिहिताना मायेला जवळ येऊ दिलं नाही. पाय सत्तर. झेल पन्नास. फेक चाळीस. फटका पस्तीस. वळणं आज चाळीस, वर्षभर घोटून घेतलं तर पंचावन्न. खाली लिहिलं, की हा मोठा तारा होणार नाही. पण सामना अटीतटीला आला की शेवटच्या डावात मैदानात पाठवावा असा एक इनफिल्डर प्रत्येक संघाला लागतो, तो हा होऊ शकेल. रॉमेलने वाचलं, आपल्या जुन्या तीसवर रेघ मारली आणि सही केली.

हे सगळं तिने धनंजयला तोंडावर सांगितलं. मागून कुणाकडून तरी अर्धवट ऐकण्यापेक्षा ते बरं. "नोकरी सोडायची नाही. रविवारी सरावाला यायचं, स्पर्धेच्या दिवसांत रजा घ्यायची. तुझे फिलिपिनो दोस्त तुझं काम वाटून घेणार आहेत, मी विचारलंय. फटका सुधारला तर दोन वर्षांनी पुढचं बोलू. नाही सुधारला तर खोटं सांगणार नाही."

"म्हंजे घेतलं का मला?"

"घेतलं रे बाबा! इतका वेळ काय सांगतेय मी?"

फिरदोसने शर्ट आणून दिला. राखीव खेळाडूंच्या पाठीवरही नाव असतं, पण इंग्रजीत 'धनंजय' इतकं लांबलचक झालं होतं की अक्षरं एका काखेतून निघून दुसऱ्या काखेत जात होती. त्याने तो शर्ट घातला नाही. उलटा करून, नावाची बाजू वर ठेवून, दोन्ही हातांवर घेऊन नुसता बघत बसला. मग गावी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेऱ्यापुढे स्वतः येण्याआधी शर्ट धरला.

रॉमेल आता मोकळा झाला होता. त्याला थट्टा सुचली. "मॅम, फिरदोस टेल मी, यू शॉर्टस्टॉप बिफोर. यल्ला, कमॉन, शो!"

"छे, छे! वय झालं माझं."

"आई, प्लीज, डोन्ट," शुभ्रा गाडीजवळून ओरडली. "एव्हरीवन इज वॉचिंग!"

एवढं म्हणायलाच नको होतं. अनुपमाने धनंजयचा ग्लोव्ह घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि शॉर्टस्टॉपच्या जागेवर जाऊन उभी राहिली. ग्लोव्हमधला तो चामड्याचा आणि घामाचा वास आला आणि इतक्या वर्षांनी तिचे गुडघे आपोआप वाकले. रॉमेलने हळूच एक चेंडू सोडला. उचलला. दुसरा जरा जोरात, डावीकडे. तोही उचलला. कुंपणावरची मुलं ओरडायला लागली, "मॅम! मॅम!" सदानंद टाळ्या वाजवत होता. त्याने बायकोला असं कधी पाहिलंच नव्हतं.

मग रॉमेलने खोडसाळपणे टायरवर मारला.

चेंडू सुटताच अनुपमा डावीकडे निघाली होती. तो टायरला लागला, उजवीकडे उडाला. तिने तो पाहिला. स्पष्ट पाहिला. आणि तिचे पाय तिला न विचारता तसेच सरळ दुसऱ्या बेसपर्यंत गेले, बेसला पूर्ण वळसा घालून परत आले आणि मग तिने चेंडू उचलला.

मैदान हसून हसून लोळायला लागलं. शुभ्राने चेहरा झाकून घेतला. एकटा धनंजय हसत नव्हता. तो शर्ट हातात धरून उभाच राहिला होता आणि तिच्याकडे बघत होता.

अनुपमा चेंडू हातात घेऊन वाळूतल्या पावलांकडे पाहत राहिली. धनंजयच्या गोलावर तिचा गोल उमटला होता. दुसऱ्याला पळताना तिने जन्मभर बघितलं, पण स्वतःला पळताना कोण बघतं? राज्याच्या शिबिरात त्या गृहस्थांनी हेच बघितलं असणार. सगळ्यांत वेगाने पळणारी मुलगी, आणि चेंडू मागे गेला की वळत नाही. बघितलं त्यांनी बरोबर. पुढचं विचारलं नाही, एवढंच. ती मंद नव्हती. ती खो-खोची होती, आणि हे सांगायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"अहो!" तिने कुंपणाकडे वळून हाक मारली. "मी मंद नव्हते हो!"

"मी कधी म्हटलं?" सदानंद गोंधळून म्हणाला.

"मॅडम," धनंजय मैदानाच्या कडेला येऊन हाताचा कर्णा करून ओरडला, "तुम्ही पळताव! चेंडू तुमच्यावर चालून येतोय!"

अनुपमाने डोळे पुसले, चेंडू रॉमेलकडे फेकला आणि आपल्या जागेवर परत गेली. गुडघ्यात वाकून तिने ग्लोव्ह वाळूला टेकवला.

"हिट द टायर ओन्ली," ती म्हणाली. "यल्ला."